पिळलेल्या टॉवरवर जजबाईंचा निकाल

समोरच्या मोकळ्या जागेत टॉवर उभा राहू लागला, तेव्हा त्याच्याबद्दल पहिलं मत कोण देणार याविषयी आमच्या इमारतीत कुणालाही शंका नव्हती. दुसऱ्या मजल्यावर जजबाई राहतात. कोर्टाची पायरी त्या आयुष्यात एकदाच चढल्या, तीही साक्षीदार म्हणून. तिथे 'विचारलं तेवढंच बोला' असं ऐकून घ्यावं लागल्यावर न्यायव्यवस्थेवरून त्यांचं मन उडालं ते उडालंच. तेव्हापासून त्या घरच्या घरी निकाल देतात. कुणी भिंतीला कोणता रंग द्यावा, कुणाच्या सुनेने केस किती कापावेत, वरच्या मजल्यावरच्या मास्तरांनी मिशी ठेवावी की काढावी. मिशी काढा, असा निकाल लागला. मास्तरांनी बिचाऱ्यांनी काढली. दुसऱ्या दिवशी जिन्यात गाठ पडली तर जजबाई म्हणाल्या, "आधीच बरे दिसत होता." निकाल फिरवायचा अधिकारही त्यांनी स्वतःकडेच ठेवला होता.

त्यांचे यजमान चष्म्याच्या दुकानात काचा घासतात. दिवसभर दुसऱ्यांना नीट दिसावं म्हणून राबायचं आणि घरी आल्यावर आपण काही बघायचं नाही, ऐकायचं नाही, असा त्यांचा शिरस्ता. बाई बोलत असल्या की मधूनमधून 'हो ना' म्हणायचं, एवढं काम ते चोख करतात. क्वचित जागा चुकते. एकदा जजबाईंनी आरशासमोर उभं राहून विचारलं, "मी फार जाड झालेय का हो?" तिथेही 'हो ना' निघून गेलं. त्या आठवड्यात ते दुकानातून उशिरा घरी येत होते.

अशा माणसाशी काय वाद घालणार? पण देवाला काळजी. त्याने शेजारच्याच दोन खोल्यांत जजबाईंची धाकटी जाऊ ठेवली होती. जजबाई दगड म्हणाल्या की ही माती म्हणणार. जिन्यात तिला सगळे वकीलीणबाई म्हणत. कुणीही आरोपी असो, बचावाला ही उभी. दोघींचं बिनसलेलं होतं असं मात्र कुणी समजू नये. सकाळ-संध्याकाळ एकमेकींचं बोलणं खोडून काढल्याशिवाय दोघींना अन्न गोड लागत नव्हतं, एवढंच.

तर टॉवर. सरळ वर गेला असता तर कुणी मान वर करून बघितलंही नसतं. पण या टॉवरचा प्रत्येक मजला खालच्या मजल्यापेक्षा थोडासा वळलेला. असं वळत वळत वर जाईपर्यंत तळमजल्याचं तोंड एकीकडे आणि माथ्याचं तोंड भलतीकडेच. कुंपणावरच्या मोठ्या पाटीवर 'नर्तकीची गिरकी' असं काहीतरी लिहिलेलं होतं. मास्तर म्हणाले, "स्क्रू आहे हा. उलटा ठोकलाय." खालचा औषधवाला म्हणाला, "कंबर लचकलीय. शेक द्यायला हवा." जजबाई गॅलरीत कपडे वाळत घालत होत्या. त्यांनी हातातला टॉवेल तसाच धरून बराच वेळ बघितलं आणि निकाल दिला, "धुणं पिळलं आणि वाळत घालायला विसरले."

जिना हसला. शेजारच्या गॅलरीतून लगेच बचाव सुरू झाला.

"इमारत गोल फिरली म्हणून काय झालं, ताई? सरळ तर विजेचा खांबही असतो. त्यात राहता का?"

"खांब निदान ज्याच्यासाठी उभा केला ते काम तरी करतो!"

"हीसुद्धा करेल. आधी पुरी तर होऊ द्या. आत कशी आहे ते तरी बघितलंय का तुम्ही?"

हा शेवटचा प्रश्न जजबाईंना बोचला. पुरावा न बघता निकाल दिला, असं कुणी म्हणावं म्हणजे काय! त्या चार दिवस गप्प राहिल्या, आणि पाचव्या दिवशी पदर खोचून थेट टॉवरच्या कचेरीत जाऊन उभ्या राहिल्या. बाराव्या मजल्यावर गिऱ्हाइकांना दाखवण्यासाठी एक फ्लॅट सजवला होता आणि तो झाडूनपुसून ठेवायला बाई हवी होती. काम मिळालं. कचेरीतला विक्रीवाला पोरगा गळ्यात कायम टाय बांधून असायचा. जजबाईंनी त्याचं बारसं तिथल्या तिथे 'टायवाला' असं करून टाकलं. त्याने एकच अट घातली.

"बाई, गिऱ्हाईक आलं की तोंड बंद. चांगलं नाही, वाईट नाही, काहीच बोलायचं नाही. आधीच्या बाईंना मी त्याच्यावरूनच काढलं. एका साहेबांना त्या म्हणाल्या की हवा फार लागते, कान बांधून घ्या."

"मी कशाला बोलू?" जजबाई म्हणाल्या. "माझा स्वभावच नाही."

हे वाक्य त्यांनी घरी येऊन सांगितलं तेव्हा शिरस्तेदार यजमानांनाही क्षणभर 'हो ना' म्हणणं जड गेलं.

पण शब्दाच्या त्या पक्क्या. कामावर जाताना गालात एक लवंग धरायच्या. गिऱ्हाईक आलं, जिभेला खाज सुटली, की लवंग चावायची. पहिल्या आठवड्यात लवंगांचा डबा निम्मा झाला. एकदा ज्यांनी हा टॉवर कागदावर काढला ते आर्किटेक्ट स्वतः पाहुणे घेऊन आले. काळा सदरा, बारीक आवाज. खिडकीशी उभे राहून ते म्हणाले, "ही इमारत वाऱ्याशी बोलते." जजबाईंनी एकदम दोन लवंगा चावल्या. डोळ्यांत पाणी आलं. आर्किटेक्टना वाटलं बाई भारावल्या. त्यांनी जाताना त्यांच्याकडे बघून हात छातीवर ठेवला.

आणि तो फ्लॅट! काय सांगावं त्याचं? बाहेरची भिंत गोल, म्हणून तिच्याशी लावलेलं कपाटही गोल, आणि खोली म्हणाल तर ओंजळीएवढी. शर्ट हँगरला लावून आत ठेवला तर दार मिटत नव्हतं. खोली मोठी दिसावी म्हणून पलंग मुद्दाम आखूड केलेला. आतल्या खोल्यांची दारं काढूनच ठेवली होती. टीव्ही पुठ्ठ्याचा, फळं प्लॅस्टिकची, मांडणीवरची पुस्तकं आतून पोकळ. जजबाई रोज ती सफरचंदं पुसत आणि पुसताना त्यांना त्या सफरचंदांची कीव येई. स्वयंपाकघराला भिंतच नव्हती. ओटा थेट बैठकीत येऊन पाहुण्यांच्या मांडीला मांडी लावून बसलेला. आणि न्हाणीघर काचेचं. झोपायच्या खोलीतून आरपार.

दिवसभर गिळलेलं सगळं संध्याकाळी बाहेर पडायचं. जजबाई कामावरून आल्या की चहाचा कप घेऊन जिन्याच्या वरच्या पायरीवर बसत. खालच्या पायऱ्यांवर मंडळी. वकीलीणबाई आपल्या उंबऱ्यात भाजी निवडत. मग एकेका गोष्टीची सुनावणी.

"आज स्वयंपाकघर घेते. भिंत नाही. मासे तळायला घेतले तर धूर सोफ्यावर आणि वास उशीत. पाहुणा घरी गेला तरी त्याच्या बायकोला कळणार काय खाऊन आला."

"अहो, पण एकटं कोंडून घेऊन रांधायचं सुटलं ना?" वकीलीणबाई म्हणायच्या. "तिकडे सगळे गप्पा मारतायत, इकडे आपण भिंतीकडे तोंड करून. मला तर भिंत नसलेलीच आवडेल."

"तुला आवडेल? काल माझा पाय तुझ्या ओट्याजवळ पडला तर किती ओरडलीस!"

"पाय नव्हता, चप्पल होती."

दुसऱ्या दिवशी गोल भिंत. जजबाईंचं म्हणणं, गोल खोलीत माणसाला चक्कर येते, कारण नजरेला थांबायला कोपराच मिळत नाही. हे शास्त्र त्यांनी कुठून आणलं कोण जाणे. मास्तर म्हणाले, असं काही नसतं. जजबाई म्हणाल्या, "तुम्ही मिशी काढल्यापासून तुमचं काही खरं नाही." वकीलीणबाईंनी बचाव केला की कोपरा नसला की जळमटंही नसतात, आणि भांडण झालं तर कोपऱ्यात तोंड करून बसायची सोय राहत नाही, दोन मिनिटांत मिटतं. जिन्याने टाळ्या वाजवल्या. त्या दिवशी आरोपी निर्दोष सुटला.

असं चाललं होतं. पावशेर भाजीला तासभर लागत होता. जजबाई खिळा ठोकायच्या, वकीलीणबाई उपटायच्या. आखूड पलंग? चादर कमी लागते. काचेचं न्हाणीघर? उजेड येतो, दिवा लावायला नको. बाल्कनी तिरकी? ऊन तिरकंच येतं. एकेक मुद्दा शोधता शोधता, रोज नवी बाजू मांडता मांडता, त्या बाईला तो टॉवर आवडू लागला. कधी पाय ठेवला नाही, आतून बघितला नाही, पण मनातल्या मनात ती तिथे भिंत नसलेल्या ओट्याशी उभी राहून पाहुण्यांशी गप्पा मारू लागली. आणि एका संध्याकाळी, शेंगांच्या शिरा काढता काढता, सहज म्हणाली,

"रविवारी आम्ही दोघं बघायला येतोय. हे म्हणाले, एवढं चांगलं असेल तर नाव घालून टाकू."

जजबाईंच्या हातातला कप बशीवर वाजला.

"नाव घालून? म्हणजे राहायला?"

"मग काय बघून परत यायला?"

जजबाईंनी पुढे काय बोलायचं ते बोलून बघितलं, पण त्यांचा आवाज नेहमीसारखा लागेना. "पाणी वर चढत नाही म्हणतात," त्या म्हणाल्या. वकीलीणबाई म्हणाल्या, "पंप असतो."

दुसऱ्या दिवशी सफरचंदं पुसताना जजबाईंच्या डोक्यात प्रकाश पडला. हे सगळं आपणच केलं! आपण एकेक वीट काढत गेलो आणि तिने त्याच विटांचं घर बांधलं. आता तिला 'घेऊ नकोस' म्हणावं तर ती कचेरी उघडायच्या आधी दारात उभी राहील. एकच वाट होती. स्तुती करायची. आपण चांगलं म्हटलं की ती वाईट म्हणणार, हा तर इतक्या वर्षांचा अनुभव. जजबाईंनी पुठ्ठ्याच्या टीव्हीकडे बघत हळूच म्हणून बघितलं, "छान आहे." सवयच नव्हती. पुन्हा म्हणून बघितलं. तिसऱ्या वेळी बरं जमलं. निदान शिवी दिल्यासारखं वाटलं नाही.

रविवारी दीर आणि धाकटी जाऊ आले. दीर छापखान्यात कामाला, मुकाट माणूस; यंत्रांच्या आवाजात उभं राहून राहून घरात बोलायची त्याची सवयच गेलेली. धाकटीने ठेवणीतली साडी नेसली होती. टायवाल्याने हसून स्वागत केलं.

"अय्या ताई, तुमचा हा एप्रन! ओळखूच आला नाहीत."

टायवाला दचकला. "तुमच्या घरच्या आहेत या?"

"जाऊ आहे माझी," जजबाई म्हणाल्या. लवंग त्यांनी हातात काढून घेतली होती. "साहेब, चांगलं बोललं तर चालेल ना?"

"चांगलं?" टायवाल्याला असा प्रश्न कुणी विचारला नव्हता. "चांगलं बोला की. हवं तेवढं बोला."

मग जजबाईंनी सुरुवात केली.

"ही भिंत बघ. गोल आहे. फारच गोल आहे. इतकी गोल भिंत मी जन्मात पाहिली नव्हती. डोळे निवतात अगदी."

त्या थांबल्या. धाकटी काहीतरी उलट बोलेल म्हणून वाट बघितली. धाकटी नुसती त्यांच्याकडे बघत होती.

"आणि हे कपाट! काय नाजूक आहे. एकच शर्ट राहतो, तोही आडवा. पण कसा ऐटीत राहतो! पलंग बघ. पाय बाहेर राहतात, म्हणजे त्यांना वारा लागतो. भावोजी, झोपून बघा."

भावोजी आज्ञाधारकपणे झोपले. पोटऱ्यांपासून पुढचा भाग हवेत राहिला. तसेच पडून राहिले. सुट्टीच्या दिवशी कुणी झोपायला सांगितलं होतं, हेच पुष्कळ.

"न्हाणीघर तर बघायलाच हवं. सगळं काचेचं. घरात माणूस हरवायची म्हणून भीती नाही. आणि ओटा! मासे तळा, वास आपोआप सगळ्यांना पोचतो. वेगळं बोलावणं करायला नको."

टायवाल्याने टाय सैल केला. स्तुती म्हणावी तर प्रत्येक वाक्य ऐकून गिऱ्हाईक पळेल असं वाटत होतं, आणि अडवावं तर बाई चांगलंच बोलत होत्या.

"ताई," धाकटी शेवटी म्हणाली, "तुम्हाला खरंच आवडलं हे घर?"

"फार."

"आम्ही घ्यावं असं वाटतं?"

"घ्या की! लगेच घ्या. असं घर पुन्हा मिळायचं नाही."

आता बोल, आता बोल, असं जजबाई मनात म्हणत होत्या. म्हण, काय बघितलंत एवढं त्यात! पण धाकटीचा चेहरा वेगळाच झाला. ती पलंगाकडे वळली.

"अहो, उठा. नाव घालून टाकू. आत्ताच्या आत्ता."

"आवडलं?" दीर उठून बसला.

"मला आवडायचा प्रश्नच नाही. ताईंना आपण नको झालोय. लग्न होऊन आले तेव्हापासून एकदाही कशाला चांगलं म्हणाल्या नाहीत. माझ्या हातच्या स्वयंपाकाला नाही, माझ्या साडीला नाही, साध्या पायपुसण्याला नाही. आणि आज आम्ही जातोय म्हटल्यावर गोल भिंत बघून यांचे डोळे निवले!" तिने पर्स उघडली आणि उगाच बंद केली. "एवढं जड झालं होतं तर सरळ सांगायचं होतं. शेजारधर्म म्हणून तरी."

"अगं—"

"कुठे सही करायची हो?" तिने टायवाल्याला विचारलं.

टायवाल्याचा हात खिशातल्या पेनाकडे गेला, आणि जजबाई फुटल्या.

"अगं मूर्ख! भिकार आहे हे घर! भिकार! कपाटात कपडे राहत नाहीत, पलंगावर माणूस राहत नाही, टीव्ही पुठ्ठ्याचा आहे—"

"बाई!" टायवाला ओरडला. "टीव्ही नुसता दाखवायला असतो!"

"तुम्ही गप्प बसा हो! भिंतीला कोपरा नाही, चक्कर येते, तो ओटा नाही, चव्हाटा आहे! आणि न्हाणीघर! आंघोळ करायची की दुकानात ठेवायचं स्वतःला?" त्यांना दम लागला. "आणि सगळं सोन्याचं असतं ना, तरी मी नको म्हणाले असते."

"का?" धाकटीने विचारलं.

"का म्हणून काय विचारतेस? तू इकडे आलीस तर मी तिकडे बोलू कुणाशी? जिन्यातले लोक टाळ्या वाजवतात, मास्तरांना एक वाक्य म्हटलं की त्यांचा चेहरा पडतो, आणि आमचे हे... आमच्या यांना तू ओळखतेसच. उद्या तुझ्या खोल्यांत कुणी समजूतदार बाई राहायला आली म्हणजे? सगळ्याला 'बरोबर आहे तुमचं' म्हणणारी? मी जगायचं कसं, सांग ना!"

शेवटी त्यांचा आवाज चिरका झाला, आणि तो लपवायला त्यांनी जवळचं प्लॅस्टिकचं सफरचंद उचलून पदराने जोरजोरात पुसलं.

दीर पलंगावरून पाय हलवायलाही घाबरत होता. धाकटीने नाक ओढलं, पर्समधला रुमाल शोधला, सापडला नाही, मग पदरच वापरला.

"समजूतदार बाई?" ती म्हणाली. "तुमच्याशेजारी? आठवड्यात सामान बांधेल."

जजबाईंनी मान वर केली. "का बांधेल? मी काय खाते की काय?"

"खाताच! डोकं खाता!"

"आणि तू? तू काय तोंडात बोळा घालून बसतेस? सरळ म्हटलं की वाकडं, वाकडं म्हटलं की—"

"कारण तुम्ही सरळ म्हणताच कुठे? आणि चक्कर येते म्हणे! मी इतका वेळ उभी आहे, आली का मला चक्कर?"

"तुला येणारच नाही. चक्कर यायला डोकं लागतं!"

दोघींचे चेहरे उजळले होते. टायवाल्याने एकदा इकडे, एकदा तिकडे बघितलं आणि पेन खिशात परत ठेवलं. तेवढ्यात लिफ्टमधून एक नवं जोडपं बाहेर आलं, आतला गलका ऐकून दारातच थबकलं. नवऱ्याने विचारलं, "इथे आधीच कुणी राहायला आलंय का?"

"नाही, नाही," टायवाला म्हणाला, "चाललेतच." मग हळू आवाजात, "बाई, उद्यापासून येऊ नका."

"येणारच नव्हते," जजबाईंनी एप्रन सोडून त्याच्या हातात दिला. "सफरचंदं पुसलीत. आणि त्या पलंगाचं काहीतरी करा. माझा दीर काही उंच माणूस नाही."

तिघं खाली उतरून रस्ता ओलांडून आले. फाटकापाशी धाकटी थांबली आणि मागे वळून तिने टॉवरकडे बघितलं. ऊन कलतं झालं होतं. मजले एकेक करून वळलेले असल्यामुळे सगळ्या काचा एकदम चमकत नव्हत्या. आधी खालची एक ओळ पेटली, ती विझेपर्यंत वरची, मग तिच्या वरची. उजेड पायऱ्या चढत गेल्यासारखा माथ्यापर्यंत गेला.

"लांबून इमारत बरी दिसते हो," धाकटी म्हणाली.

जजबाई कपाळावर हात धरून बराच वेळ बघत राहिल्या.

"ठीक आहे," त्या म्हणाल्या.

"काय म्हणालात?"

"काही नाही. चल."

"ठीक म्हणालात! मी ऐकलं! ताई, बरं वाटतंय ना तुम्हाला?"

इतका वेळ गप्प असलेल्या दिराला धीर आला. घरात पाय टाकायच्या आत बोललं तर बोललं, असा हिशेब करून तो म्हणाला, "वहिनीच ठीक म्हणतायत, तर मग जरा विचार करायला काय हरकत आहे? मला ते काचेचं—"

दोघी जावा एकाच वेळी वळल्या.

"भावोजी!"

"अहो!" धाकटी म्हणाली. "त्या लांबून ठीक म्हणाल्या. लांबून बघायची तर आपल्या गॅलरीइतकी चांगली जागा कुठे आहे?"

"गॅलरीचं काही सांगू नकोस," जजबाई जिना चढायला लागल्या. "कठडा बघितलायस का तिचा? वाळवी खाऊन गेलीय."

"काही वाळवी नाही! रंग उडालाय नुसता."

"रंग? बोट लावून बघ एकदा, आत जाईल."

"चला, लावते. तुमच्यादेखत लावते!"

दोघी वर गेल्या. दीर फाटकाशी थोडा वेळ टॉवरकडे बघत उभा राहिला, आणि मग भावाच्या चष्म्याच्या दुकानाकडे चालू लागला; ते रविवारीही उघडं असायचं. तिथे बसायला एक स्टूल होतं, आणि आज लवकर घरी जायची दोघांनाही घाई नव्हती.